देवापुढचं वाकणं

नम्रता हा असा गुण आहे की तो स्वतःबद्दल सांगता येत नाही. ‘मी कष्टाळू आहे’ असं माणूस म्हणू शकतो; ते खरं असेल किंवा नसेल. पण ‘मी नम्र आहे’ असं म्हटलं की म्हणताक्षणीच ते खोटं पडतं. आणि उपासनेत तर नेमकं तेच करावं लागतं. चार माणसांत उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं देवाला सांगायचं, की मी लहान आहे, अपात्र आहे. ऐकणारा देव असतो, तशी शेजारी बसलेली मंडळीही असतात. मग हे सांगणं नक्की कुणाला चाललेलं असतं?

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ख्रिस्ती आळीत मी वाढलो. आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो) दर रविवारी तीन-चार माणसं अशी उठून प्रार्थना करायची. त्यामुळं हा प्रश्न माझ्यापुढं पुस्तकातून आला नाही, कानावाटे आला.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत आली १८१३ साली आणि नगरला त्यांचं ठाणं झालं १८३१ साली. आमच्या बाजूच्या खेड्यांतली माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली ती मात्र पुढं, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या काळात. बहुतेक महार आणि मांग समाजातली. माझा पणजा त्यांतलाच. गावाबाहेर दगडमातीची एक लांबट खोली, वर पत्रा. आठवडाभर तिथं शाळा भरायची आणि रविवारी उपासना. पुढं दोन बाकं, बाकी सगळे सतरंजीवर. पेटी, ढोलकी, झांजा एका कोपऱ्यात.

त्या खोलीतल्या तीन माणसांच्या प्रार्थना मला अजून ऐकू येतात.

एक आमचे गुरुजी. त्यांची प्रार्थना ठरलेली. ‘परमदयाळा, कृपासागरा’ अशी सुरुवात, मग पाऊसपाणी, मग आजारी माणसं, मग विधवा आणि अनाथ, मग राज्यकर्ते आणि आमेन. वर्षानुवर्षं एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. राज्यकर्ते आले की आम्ही पोरं दाराकडं सरकायला लागायचो. तरणी मंडळी हसायची. म्हणायची, गुरुजींची तबकडी लागली.

एका पावसाळ्यात गुरुजींचा धाकटा मुलगा साप चावून गेला. ओढ्याला पूर, पाळकसाहेबांना येता येईना. माती तर द्यायला हवी. गुरुजी स्वतःच खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि तीच प्रार्थना म्हणू लागले. ‘कृपासागरा’ या शब्दापाशी आवाज अडला. पण पुढचा शब्द तयार होता. तो आला, मग त्याच्या पुढचा आला. पाऊसपाणी आलं, आजारी माणसं आली, राज्यकर्तेसुद्धा आले. कुणी हललं नाही. त्या वेळी त्यांना नवे शब्द सुचणं शक्यच नव्हतं. जुन्यांनी त्यांना धरून ठेवलं. घोकलेली प्रार्थना म्हणजे खोटी प्रार्थना, असं कुणी ठासून म्हणालं की मला ती ओली माती आठवते.

दुसरे आमच्या मंडळीचे एक पंच. त्यांची प्रार्थना कधीच घोकलेली नसायची. दर वेळी नवी आणि ऐन भरात यायची. ‘प्रभो, मी धूळ आहे, मी किडा आहे, या सगळ्या मंडळीत माझ्याइतका पापी कोणी नाही’ असं म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. बायका पदर डोळ्याला लावायच्या. पण हा किडा पुढच्या बाकावरच बसायचा आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं त्याला खपायचं नाही.

पिकाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी त्यांना पाहावं. सुगी झाली की ज्यानं त्यानं आपापल्या घरचं आणायचं. ज्वारीची पाटी, हरभऱ्याची पेंढी, भोपळा, कोंबडी, अंडी. उपासना झाली की अंगणात त्या वस्तूंचा लिलाव व्हायचा आणि आलेला पैसा मंडळीच्या कामाला जायचा. रीत चांगली. गरिबाचं अंडंही देवापुढं आलं आणि त्याचे चार पैसेही झाले. पंच एका अंड्याला अकरा रुपये बोलायचे आणि बोलून झाल्यावर सगळीकडं एकदा बघून घ्यायचे. त्या काळात अकरा रुपयांत कोंबडी यायची. पैसा खरा होता, त्यातनं पत्र्याची दुरुस्तीही व्हायची. मी ते दान खोटं म्हणत नाही. पण ज्या घरातून ते अंडं आलं, त्या घरात त्या दिवशी अंडं कमी पडलं होतं. पंचांच्या घरात काहीच कमी पडलं नव्हतं. येशूनं मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून विधवेच्या दोन टोल्यांचा हिशेब मांडला तो असाच. किती दिलं ते त्यानं मोजलं नाही, मागं किती उरलं ते मोजलं.

तिसरी एक म्हातारी. तिला सगळी आळी मावशी म्हणायची. तिची प्रार्थना अशी: “देवा, तुला दिसतंयच समदं. शेळी आटली. पोराचं पत्र न्हाई. गुडघं लई दुखत्यात. बरं, ऱ्हाऊ दे. बसते आता.” एवढं बोलून ती खरोखरच बसायची. शहरातून आलेले पाहुणे म्हणायचे, ही खरी प्रार्थना.

असेल. पण मावशीही माणूसच होती. एका नाताळाला बायकांनी वर्गणी काढून तिला नवं लुगडं घेतलं. तिनं ते घडी मोडून बघितलंसुद्धा नाही. “मला कशाला? म्या आपली फाटक्यातच देवाम्होरं बरी,” म्हणाली आणि उपासनाभर बाकीच्या बायकांच्या नव्या लुगड्यांकडं बघत बसली. श्रीमंतीचा ताठा लगेच दिसतो, म्हणून त्याला नावं ठेवणं सोपं जातं. गरिबीलाही ताठा असतो. तो अंगावर चिंध्या घालून येतो, एवढंच.

मी या तिघांची नावं का ठेवतो आहे, असं कुणी म्हणेल. नावं ठेवत नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की प्रार्थनेच्या शब्दांवरून माणसाची सचोटी मोजता येत नाही. साधे शब्द खरे आणि सजवलेले खोटे, असा काही नियम नाही. परूशी आणि जकातदाराची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ. एक मंदिरात पुढं उभा राहून आपली उपासतापासांची यादी वाचतो, दुसरा मागं उभा राहून छाती बडवतो. त्या गोष्टीत एक खोडा आहे. ती ऐकून घरी जाताना दहांतले नऊ जण मनात म्हणतात, बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही. म्हणजे त्याचंच वाक्य आपल्या तोंडात आलं. आणि छाती बडवणं शिकायला तरी किती वेळ लागतो?

शब्दांचं महत्त्व नाही, असंही नाही. माणसाला देवाशी परक्या बोलीत बोलायला लावलं की त्याची जीभ आधी ओशाळते आणि मग मन दुसरीकडं जातं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं मराठी मंडळीच्या तोंडी शेकडो गाणी दिली, ती अभंगांच्या आणि भजनांच्या वळणाची. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली गाणी म्हणणाऱ्या माणसांना टाळ-मृदंगावर आपल्या देवाचं नाव घेता येऊ लागलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करण्यात घातली, ते खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. संस्कृतावर एवढा अधिकार असलेल्या बाईनं संस्कृत शब्द बाजूला ठेवायचे, हीदेखील एक तऱ्हेची नम्रता. आपल्याला जे उत्तम येतं तेच समोरच्यासाठी खाली ठेवायचं. नम्रतेची ही खूण मला महत्त्वाची वाटते. खाली ठेवायला हातात काही असावं लागतं.

इथंच आमच्या लोकांची खरी अडचण होती.

माझे आजोबा लहानपणी जोहार घालत. गावात शिरायचं ते चपला हातात घेऊन. पाटील दिसला की लांबूनच कमरेत वाकायचं आणि ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. मिशनच्या शाळेत ते ‘सलाम’ करायला शिकले. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक अजूनही एकमेकांना भेटल्यावर सलामच म्हणतात. सलामाला फक्त हात वर न्यावा लागतो, कंबर सरळ राहते. आजोबांनी पाटलाला पहिल्यांदा सलाम केला, तेव्हा त्यांच्या बापाला रात्रभर झोप आली नाही म्हणे. एका पिढीनं एवढं मिळवलं. कंबर सरळ झाली. आणि त्याच माणसांना रविवारी देवळात काय शिकवायचं? तर गुडघे टेका, लीन व्हा, मी काहीच नाही असं म्हणा.

१९५६ सालच्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर आमच्या कितीतरी नातेवाइकांची घरं बौद्ध झाली. आजोबांचा एक मावसभाऊही त्यांत होता. तो यायचा, जेवायचा, ‘जय भीम’ म्हणायचा. आजोबा ‘सलाम’ म्हणायचे. दोघांचं प्रेम होतं, पण वादही जोरात व्हायचे. एकदा ओट्यावर बसून तो म्हणाला, “दादा, आमी वाकायचं सोडलं. माणसाम्होरंबी न्हाई अन् देवाम्होरंबी न्हाई. तुमी अजून गुडघं टेकिताच?”

आजोबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “पाटलाम्होरं वाकत हुतो तव्हा मला कुनी इचारलं नव्हतं. हितं म्या माझ्या मनानं वाकतो. अन् उठायला कुनाचा हुकूम लागत न्हाई.”

मावसभाऊ हसला. “व्हय, पर वाकायची सवय लागली का माणूस फरक इसरतो.”

त्या दोघांत कोण बरोबर, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. आजोबांचं म्हणणं खरं आहे. लादलेलं वाकणं आणि आपखुशीनं केलेलं वाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मावसभावाची भीतीही खोटी नाही. मी अशी प्रवचनं ऐकली आहेत, ज्यांत दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या माणसांना सोसायला सांगितलं जातं, मजुरीबद्दल कुरकुर करू नका म्हणतात, आणि त्याला नम्रता हे नाव देतात. हे उलट्या टोकानं धरलेलं शास्त्र आहे. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला जे लिहिलं त्यात ख्रिस्तानं स्वतःला लीन केलं असं आहे; पण तो आधी देवाच्या बरोबरीचा होता आणि ते त्यानं धरून ठेवलं नाही, असंही तिथंच आहे. ज्याच्याकडं सोडण्यासारखं काही आहे त्यानं ते सोडावं, ही नम्रता. ज्याच्याकडून सगळं आधीच काढून घेतलं आहे त्याला ‘सोड’ म्हणणं ही नम्रतेची शिकवण नव्हे. त्याला आधी उभं राहू द्यावं.

आमच्या सचोटीवर आणखी एक शंका बाहेरून घेतली जायची. ‘हे पोटासाठी बाटले.’ शाळेत, बाजारात, एस. टी.त हे वाक्य ऐकलं नाही असा आमच्या आळीतला एकही माणूस नसेल. दुष्काळात मिशननं धान्य दिलं, शाळा दिली, हे खरंच आहे. पण प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितलेली आहे, पापाची क्षमा त्यानंतर येते. भुकेलेल्या माणसानं देवाकडं भाकर मागितली तर त्यात लबाडी कसली? आणि फायद्याचाच हिशेब करायचा तर १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवलं. शिखांना त्या १९५६ साली मिळाल्या, बौद्धांना १९९० साली. आमच्या आळीतल्या लोकांनी नाव बदललं असतं तर पोरांच्या नोकऱ्या सोप्या झाल्या असत्या. काहींनी कागदावर तसं केलंही. पोटाला चिमटा बसतो तेव्हा कागदावरच्या शब्दाला मी पाप म्हणत नाही. पण बरेच जण तसेच राहिले. त्यांच्या त्या राहण्याला कुणी भक्ती म्हटलं नाही, म्हणून सांगितलं.

आता शेवटची गोष्ट आजोबांचीच.

१९७२ चा दुष्काळ. शेतं भेगाळली, विहिरी कोरड्या पडल्या, सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. खायला मिलो आणि सुकडी. आजोबा म्हातारे झाले होते, पण लिहितावाचता यायचं, म्हणून मुकादमानं त्यांना खडीच्या ढिगांची मापं लिहून घ्यायला बसवलं. मापावर मजुरी. त्या कामावर आमच्याच मंडळीतला एक माणूस होता, मूळचा मांग समाजातला. इथं एक लपवलेली गोष्ट सांगितली पाहिजे. ख्रिस्ती होऊन दोन-तीन पिढ्या झाल्या तरी महारांतून आलेले आणि मांगांतून आलेले यांच्यात सोयरीक होत नसे. प्रभुभोजनाचा प्याला एकच असायचा, पण तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो यावर नजरा असायच्या. पाटलापुढं सरळ झालेली आमची कंबर खालच्या बाजूला मात्र कुणाकडं वळत नव्हती.

एके दिवशी त्या माणसाच्या ढिगावरून बाचाबाची झाली. आजोबांनी माप कमी लिहिलं आणि वर सगळ्यांसमोर त्याच्या जातीवरून बोलले. तो काही बोलला नाही. देवळात यायचा मात्र बंद झाला.

पुढं प्रभुभोजनाचा रविवार आला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. दाराजवळ बसलो होतो. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग वाचला. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला जर आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर त्यानं अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जावं. हे आम्ही दर वेळी ऐकायचो. कुणी कधी उठून गेलं नव्हतं. त्या दिवशी आजोबा उठले. काठी घेतली, चपला घातल्या आणि उन्हात बाहेर पडले. पाळकसाहेबांनी पावावरचा रुमाल काढला नाही. मंडळी तशीच बसून राहिली. कुणी तरी भजन सुरू केलं, ते दोन कडव्यांत विझलं.

अर्ध्या तासानं आजोबा परतले. एकटेच. पाळकसाहेबांनी नजरेनंच विचारलं. आजोबा म्हणाले, “हात जोडलं म्या. तो म्हनला, आधी माप दुरुस्त करा, मग बगू. त्याचं बरोबर हाये. मला आज भाकर नको.” आणि ते मागं, बायकांच्या ओळीच्याही मागं, भिंतीला टेकून बसले. प्याला आला, त्यांनी तो पुढं दिला.

सोमवारी त्यांनी मुकादमासमोर, सगळ्या मजुरांसमोर वहीतला आकडा खोडला, खरा लिहिला आणि शेजारी आपली सही केली. त्यांचं ते बसून करायचं काम गेलं. मुकादमानं दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस ठेवला. पुढच्या प्रभुभोजनाला तो माणूस आला. आजोबांच्या शेजारी बसला नाही, पण आला. लगेच गळाभेट झाली, सगळी मंडळी रडली, असं काही घडलं नाही. दोन्ही घरांची सोयरीक आजतागायत झालेली नाही.

मावसभावाच्या कानावर हे गेलं. पुढच्या खेपेला त्यानं एवढंच विचारलं, “माप दुरुस्त केलं का?” आजोबा म्हणाले, “केलं.” “मग बरं,” म्हणाला आणि जेवायला बसला. त्या विषयावर त्यांचा वाद परत मी ऐकला नाही.

मला वाटतं, दोघांच्या जुन्या भांडणाचा थोडासा उलगडा त्या वहीत झाला. पाटलापुढं वाकणं भाग होतं, त्यात पुण्य नव्हतं. देवापुढं वाकणं सोपं असतं, कारण देवापुढं वाकल्यानं गावात कुणाची इज्जत जात नाही, उलट वाढते. पण ज्याच्यापुढं वाकलं नाही तरी आपलं काहीही बिघडत नाही, त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे, त्यानं ‘आधी माप’ म्हटल्यावर त्याचं ऐकायचं, आणि त्यापायी उन्हात खडी फोडायला जायचं, हे अवघड आहे. देवळातल्या वाकण्यात काही होतं की नव्हतं, हे तिथं कळतं.

आता आमच्या देवळाला फरशी आहे, माईक आहे, पेटीच्या जागी कीबोर्ड आहे. तरणी पोरं हात वर करून, डोळे मिटून गातात, काही रडतात. म्हातारी मंडळी बाहेर आल्यावर कुजबुजतात, सगळं नाटक आहे. नाटक असेलही, नसेलही. गुरुजींच्या घोकलेल्या शब्दांना आमच्या वेळची तरणी पोरं हसत होती, आता म्हातारे तरण्यांच्या रडण्याला हसतात. हे काही ख्रिस्ती देवळापुरतं नाही. वारीत माणसं जातपात न विचारता एकमेकांच्या पाया पडतात, आणि ते पाहून कुणाचंही मन भरून येतं. गावी परतल्यावर पाणवठ्यावर, बांधावर, मजुरीच्या हिशेबात काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

मिटलेल्या डोळ्यांमागं काय चाललंय हे शेजाऱ्याला कळत नाही, आणि ते कळून घेण्याचा त्याला अधिकारही नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेचं माप आपण काढू नये. आपल्या वहीत कुणाचं माप कमी लिहिलं गेलंय का, तेवढं रविवारी आठवावं, आणि सोमवारी जाऊन ते दुरुस्त करावं.